मांडवावरची वायर

संपदाचं ऑफिस पाण्याच्या टाकीवर होतं. कंपनी पुण्याची, काम दवाखान्यांची बिलं तपासायचं, आणि बसायची जागा सायखेड्याच्या मळ्यातल्या घराची गच्ची. हिरामणच्या साऱ्या मळ्यात मोबाइलला धड रेंज यायची ती तिथंच, सिमेंटच्या टाकीला पाठ लावून गोदावरीकडं तोंड केलं की. मग तिनं तिथंच बस्तान बसवलं. द्राक्षाचे दोन क्रेट उपडे ठेवून त्यावर लॅपटॉप, बसायला प्लास्टिकची खुर्ची, आणि डोक्यावर टाकीच्या पाइपाला बांधलेली, बाजारात भाजीवाले लावतात तसली मोठी छत्री.

सुरुवातीला हिरामणला ते अवघड वाटायचं. घरातली सून दिवसभर गच्चीवर, आणि खालून सगळ्या मळ्यांचा रस्ता. सोसायटीत खत आणायला गेलं की कुणीतरी विचारायचंच, "नाना, सूनबाई पाखरं हाकायला बसवली का काय?"

"पगार घेऊन हाकती," हिरामण म्हणायचा आणि गोणी उचलायचा.

मनातून मात्र त्याला तिचं कौतुक होतं. द्राक्षाच्या बागेत काम करताना वरून तिचं इंग्रजी ऐकू यायचं. शब्द एक कळत नसे, पण आवाजावरून कळायचं, आता हिला कुणी बोलतंय, आता ही कुणाला समजावतीय. समजावताना तिचा आवाज असा शांत व्हायचा की हिरामणच्या हातातली कात्रीही सावकाश चालायला लागायची.

यंदा पावसानं ऑफिसचे हाल केले. गणपतीत झड लागली ती उघडेना. एकदा लॅपटॉप पोटाशी धरून जिना उतरताना संपदा घसरली आणि कोपर सोललं. लॅपटॉपला काही झालं नाही, हे तिनं आधी बघितलं. सासूबाई यमुनाबाईंनी हळद लावेपर्यंत तिच्या कोपराचं रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

त्याच आठवड्यात जेवताना ज्ञानेशनं विषय काढला. ज्ञानेश हिरामणचा एकुलता एक मुलगा. सातपूरला कारखान्यात होता आणि रोज मोटारसायकलीवर जाऊन येऊन करायचा.

"नाना, हिच्या कंपनीनं सांगितलंय, दसऱ्याच्या आत घरात पक्की लाइन पाहिजे. मोबाइलवर भागायचं नाय. त्यांची माणसं पुण्याहून तपासणार. लाइन नसंल तर पुण्याला या, नायतर काम सोडा."

"मंग?"

"मंग काय. गंगापूर रोडला माझ्या दोस्ताचा फ्लॅट रिकामा हाय. तिथं पाहिजे त्या कंपनीची लाइन येती. मला बी सातपूर जवळ." तो ताटाकडं बघतच बोलत होता. "शनिवार-रविवार आम्ही येऊच की."

चुलीपुढं यमुनाबाईंचा भाकरी थापायचा हात थांबला. चार वर्षांची आभा आजोबांच्या मांडीला टेकून जेवत होती. ती म्हणाली, "नाना, तिथं लिफ्ट आहे. बटण दाबलं की वर!"

हिरामणनं हातातला घास ताटात परत ठेवला. शनिवार-रविवार म्हणजे काय, हे त्यानं याच रस्त्यावरच्या चार मळ्यांत पाहिलेलं होतं. आधी दर शनिवार, मग महिन्यातून एकदा, मग दिवाळी आणि लग्नकार्य. मागं दोन म्हातारी माणसं आणि मोठ्यानं लावलेला टीव्ही. ज्ञानेशची चूक नव्हती, सुनेची तर नव्हतीच. चूक कुणाचीच नसताना घर रिकामं होतं, याचंच त्याला भय वाटत होतं.

"फ्लॅटचं ऱ्हाऊ दे," पाणी पिऊन तो म्हणाला. "लाइन मी आणतो."

"तुम्ही?"

"का? बैल मी आणले, मोटार मी आणली, तुझी आई मी बघून आणली. इंटरनेट काय निराळं हाय?"

यमुनाबाई म्हणाल्या, "मला तुमच्या बापानं बघितलं होतं. तुम्ही घुगऱ्या खात बसले होते." सगळे हसले आणि तेवढ्यापुरतं ताटावरचं ओझं उतरलं.

*

हिरामणची खरेदीची एक रीत होती. बैल घ्यायचा तर तो बाजार फिरायचा, दात बघायचा, चालवून बघायचा आणि ज्याच्याकडं तसलाच बैल आहे त्याला गाठून विचारायचा, "पावसाळ्यात बसतो का?" हीच रीत त्यानं इंटरनेटला लावली.

पहिल्यांदा तो नाशिकला गेला. निमाणीच्या बसस्टँडला उतरून गंगापूर रोडवरच्या एका मोठ्या कंपनीच्या दुकानात शिरला. काचेचं दार, आत थंडगार हवा. बागेतला चिखल चपलांना होता म्हणून त्यानं चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी त्या गुळगुळीत फरशीवर उभा राहिला. बाकी सगळे बुटात होते. टेबलामागच्या मुलीनं नम्रपणे विचारलं, "सर, पिन कोड?"

त्यानं सांगितला. तिनं संगणकात काहीतरी बघितलं, मग पडदा त्याच्याकडं वळवला. पडद्यावर नदी होती, सायखेड्याचा पूल होता, गाव होतं. मळा होता तिथं नुसता हिरवा रंग.

"सर, इथं आमच्याकडे घर दाखवत नाही."

"घर हाय ना तिथं. आत्ता सकाळी निघालो मी तिथून."

"हो सर, पण मॅपवर नाही. म्हणजे लाइन देता येणार नाही."

तिचा काही दोष नव्हता. हिरामण त्या हिरव्या रंगाकडं बघत राहिला. कुठल्या ठिकाणी गोठा, कुठं विहीर, कुठं भावाचा बांध, त्याला सगळं दिसत होतं. बाहेर आला तर एका चपलेवर कुणाच्या तरी बुटाचा पाय पडून ती पालथी झाली होती. ती सरळ करून तो परतीच्या गाडीला लागला.

दुसरी होती हवेतून येणाऱ्या इंटरनेटची कंपनी. तिचा माणूस घरीच आला. तनय त्याचं नाव, गळ्यात कंपनीचा पट्टा, बोलायला गोड. गच्चीवर लोखंडी नळी रोवून त्यानं ताटाएवढी पांढरी तबकडी बसवली आणि म्हणाला, "काका, आठ दिवस वापरून बघा, मग सांगा."

हिरामणला हा गडी आवडला, चालवून बघू देतो म्हणून. "पावसाळ्यात बसतं का?" त्यानं विचारलं.

"बसतं म्हणजे?"

"बसकण मारतं का, ढग आले की?"

तनय हसला. "थोडं स्लो होतं, काका. बंद नाही पडत."

दोन दिवस ते झकास चाललं. संपदा टाकीवरून खाली उतरून खोलीत बसली. पंख्याखाली बसून काम करताना तिलाच चुकल्यासारखं वाटत होतं. तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं आणि तिच्या मीटिंगमधली माणसं एकेक करून थिजली. कुणाचं तोंड उघडं, कुणाचा हात वर. आभा म्हणाली, "आई, हे सगळे स्टॅच्यू खेळतायत." मोबाइल उचलून, लॅपटॉप घेऊन संपदा गुपचूप जिना चढून गेली.

संध्याकाळी हिरामणनं विचारलं, "कसं काय?"

"चालेल नाना," ती म्हणाली. ती नाशिक रोडची, शहरात वाढलेली. तक्रार करायची नाही हे तिनं ठरवूनच लग्न केल्यासारखं होतं. पण ते 'चालेल' हिरामणला बरोबर कळलं. तबकडी दुसऱ्या दिवशी निघाली.

उरला भिकन केबलवाला. गावात टीव्हीची केबल त्याचीच होती आणि आता त्याच वाटेनं तो इंटरनेटची वायरही देत होता. हिरामणनं ज्यांच्याकडं त्याची लाइन आहे अशी घरं गाठून विचारलं. सगळ्यांचं म्हणणं एकच, भिकन फोन उचलत नाही, पण लाइन बसत नाही.

भिकननं मळा बघितला, कपाळावर हात धरून बागेपलीकडं नजर टाकली आणि म्हणाला, "नाना, काम सोपं हाय. लहानूआप्पाच्या घरापोत माझी लाइन गेलेली हाय. तिथून त्याच्या बागेच्या मांडवावरून सरळ तुमच्याकडं आणायची. मांडव तयारच हाय, खांब नको, काय नको."

"आन रस्त्यानं आणली तर?"

"रस्त्यानं लय लांब पडतं. आन तिथं एक खांब नाय. विजेच्या खांबाला मला हात लावू देत नाय." त्यानं हिरामणकडं जरा चाचरत बघितलं. गावात सगळ्यांनाच माहीत होतं. "तेवढं लहानूआप्पाला विचारून घ्या म्हंजे झालं."

तेवढंच तर होत नव्हतं.

*

लहानू हिरामणचा धाकटा सख्खा भाऊ. बांधाला बांध, बागेला बाग, आणि बोलणं बंद. काही वर्षांपूर्वी हिरामणची विहीर आटली तेव्हा त्याला नदीवरून पाइपलाइन आणायची होती, लहानूच्या बागेतून. लहानू नाही म्हणाला. बागेतून चर जाऊ देणार नाही, एवढंच. हिरामणनं मग लांबून, रस्त्याकडेनं पाइप आणला आणि त्या दिवसापासून भावाचं नाव टाकलं. भांडण नाही, कोर्टकचेरी नाही. समोरून आला तर मान वळवायची, इतकंच. बायका विहिरीवर, लग्नात चोरून बोलायच्या. बापाच्या श्राद्धाचा घास दोघं भाऊ आपापल्या पत्र्यावर ठेवायचे. कावळा मात्र तोच यायचा.

"विचारू, पण पितरं संपू दे," हिरामण घरी म्हणाला. "या पंधरवड्यात नवी वस्तू घ्यायची नसती."

यमुनाबाई म्हणाल्या, "तबकडी काय ढगातून पडली होती का? ती बी पितरातच बसवली."

"ती नुसती चालवून बघितली."

पण ज्ञानेश फ्लॅट बघून आला आणि आभानं आपल्या बाहुल्या पिशवीत भरून ठेवल्या, तेव्हा हिरामणचे सगळे बहाणे संपले. सर्वपित्रीच्या दुसऱ्या दिवशी, घट बसले त्या सकाळी, तो बांध ओलांडून गेला.

लहानू मांडवाखाली बसून छाटणीच्या कात्र्यांना तेल देत होता. हरसूलकडचे मजूर कालच उतरले होते, त्यांच्या चुलींचा धूर शेडवरून येत होता. भावाला बघून लहानूचा हात थांबला आणि परत चालू झाला. बस म्हणाला नाही. हिरामण उभाच राहिला, परक्या वावरात परवानगी मागायला आलेल्या माणसासारखा. हेच वावर लहानपणी दोघांनी मिळून नांगरलेलं होतं. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"भिकन वायर टाकायची म्हणतो," तो कात्र्यांकडं बघत म्हणाला. "इंटरनेटची. सुनेच्या कामाला लागती. तुझ्या मांडवावरून."

लहानूनं एक कात्री मिटून उघडून बघितली. "टाकू दे की."

हिरामणनं दहा उत्तरांची तयारी केली होती, हे त्यात नव्हतं. "मंग... सांगतो त्याला."

"वायरीला कुठं चर लागती," लहानू म्हणाला. मग थोडं थांबून, "पण छाटणी चालू होऊ राहिली, भाऊ. माणसं नवी हायत. कात्री चालायला लागली की कुणाच्या हाती काय येईल, सांगता यायचं नाय."

हिरामण परत फिरला. येताना त्याला हलकं वाटायला हवं होतं, पण ते शेवटचं वाक्य त्याच्या पायात अडकलं. कुणाच्या हाती काय येईल! म्हणजे तोडणार. हो म्हणायचं आणि मजुरांच्या हातून तोडायचं. वर आणि म्हणायला मोकळा, मी आधीच सांगितलं होतं. पाइपाच्या वेळी निदान तोंडावर नाही म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी भिकन आला. दिवसभर तो आणि त्याचा जोडीदार लहानूच्या मांडवावरून वायर ओढत होते. हिरामण तिकडं फिरकला नाही. गोठ्यात बसून त्यानं नसलेली कामं काढली. बांधापलीकडून लहानूचा आवाज यायचा, भिकनला काहीतरी सांगताना, आणि हिरामण पाठ अजून वळवायचा. आपल्या हद्दीत वायर कुठून शिरली, कुठल्या झाडावरून, कुठल्या तारेवरून आली, हे त्यानं बघितलंच नाही. संध्याकाळी खोलीतल्या पांढऱ्या डब्यावर हिरवे दिवे लागले, तेवढे मात्र बघितले.

आता मीटिंगमधली माणसं थिजेनात. संपदा टाकीवरची छत्री सोडून खाली घेऊन आली आणि घडी करून माळ्यावर टाकली. दोन दिवस हिरामण येता जाता खोलीत डोकावून दिवे बघायचा. आभा विचारायची, "नाना, हिरवाय ना?" तो म्हणायचा, "हिरवा."

बांधापलीकडं लहानूची छाटणी सुरू झाली होती. कात्र्यांचा कचकच आवाज दिवसभर यायचा. त्या आवाजाला हिरामण पुन्हा पुन्हा खोलीकडं वळायचा.

*

पाचव्या माळेला हिरामणच्या बागेत छाटणीचा मुहूर्त होता. त्याच दिवशी अकरा वाजता पुण्याची माणसं संपदाची लाइन तपासणार होती. सकाळी उठून ती आंघोळ करून, काठाची साडी नेसून तयार होती. लाइन तपासायला साडी कशाला, असं तिला कुणी विचारलं नाही.

मुहूर्ताची रीत बापापासूनची. पहिलं झाड म्हणजे बांधाच्या कोपऱ्यातलं. त्याच्या खोडाला हळदकुंकू, पुढं नारळ, आणि पहिल्या काड्या मालकानं आपल्या हातानं कापायच्या. मग मजुरांनी हात लावायचा. पानं आधीच गाळलेली, मांडवावर नुसत्या तपकिरी काड्यांचं जाळं. यमुनाबाईंनी ओवाळलं, संपदानं खोडाला कुंकू लावलं, आभानं फुलं टाकली. हिरामणनं टोपी काढून झाडाला नमस्कार केला. डोळे मिटताना काढलेला चष्मा खिशातच राहिला. मग कात्री वर करून त्यानं कापायला घेतलं. कच, कच, काड्या अंगावर पडत होत्या. एक जरा चिवट लागली. वाळकी असेल म्हणून त्यानं दोन्ही हातांनी जोर केला. ती तुटली तशी सगळ्यांनी हात जोडले.

"चांगलं होऊ दे," यमुनाबाई म्हणाल्या.

नारळाचं खोबरं वाटून होतंय तोवर घरी गेलेली संपदा परत आली. धावत नव्हती, पण तिच्या चालण्यावरूनच हिरामणला कळलं.

"नाना, दिवा लाल झालाय."

हिरामणनं बांधापलीकडं बघितलं. लहानूच्या बागेतून कात्र्यांचा आवाज येतच होता. त्याच्या डोक्यात तिडीक गेली. ज्याची भीती होती ते झालं होतं, आणि नेमकं आज. खोबऱ्याचा तुकडा त्यानं टाकला आणि हातातल्या कात्रीसकट, रस्त्याच्या वाटेनं, तो लहानूच्या घराकडं निघाला.

"अहो, कात्री तरी ठेवा!" यमुनाबाई मागून ओरडल्या. पण तो लांब गेला होता.

लहानू ओट्यावर चहा पीत होता. त्याची बायको मंदा दारात उभी होती, तिनं मोठ्या दिराला बघून पदर सावरला.

"तोडली ना शेवटी?" हिरामण अंगणातूनच म्हणाला. "माझा राग होता तर मला बोलायचं. त्या पोरीनं तुझं काय केलंय? आज तिची तपासणी हाय. लाइन नसंल तर घर उठून जाईल माझं. समजतंय का तुला? घर उठून जाईल!"

एवढं तो स्वतःच्या घरातही बोलला नव्हता. बोलला आणि त्याचे डोळे भरून आले.

लहानूनं बशी खाली ठेवली. रागावला नाही. भावाच्या हातातल्या कात्रीकडं एकदा बघितलं आणि पायात चपला सरकवल्या. "चल," तो म्हणाला. "कुठं तुटली बघू."

दोघं लहानूच्या घरामागं भिकननं बसवलेल्या डब्यापासून निघाले. वायर तिथून मांडवावर चढली होती. हिरामणनं चष्मा लावला, मान वर केली आणि तसाच चालायला लागला.

वायरीला चिंध्या बांधलेल्या होत्या. लाल चिंध्या, कुठल्यातरी जुन्या लुगड्याच्या, प्रत्येक झाडाशी एक. काळी बारीक वायर काड्यांच्या जाळ्यात दिसली नसती, पण त्या लाल गाठींनी तिची वाट लांबवर दिसत होती. त्या वाटेखालच्या काड्या कापलेल्या, आणि वायर जशीच्या तशी.

एका ओळीत मजूरबाई छाटत होती. चिंधी आली तसा तिनं डाव्या हातानं वायर बाजूला धरली आणि मगच कात्री घातली. दोन मालक वर बघत येताना पाहून ती घाबरून म्हणाली, "दादा, म्या नाय तोडली. लाल दिसलं का हात आखडायचा, सांगितलंय ना तुम्ही."

"तुला कुठं कोण काय म्हणतंय," लहानू म्हणाला आणि पुढं चालत राहिला.

प्रत्येक चिंधीखालून जाताना हिरामणची पावलं जड होत होती. हे बांधायला किती वेळ लागला असेल, हात वर करून करून खांदे किती भरून आले असतील, हे द्राक्षवाल्याला सांगावं लागत नाही. वाटेत कुठंतरी तुटलेली सापडावी, एका तरी मजुराच्या हातून तुटलेली असावी, असं त्याला आता मनापासून वाटायला लागलं होतं.

बांध आला. लहानूच्या शेवटच्या खांबावर शेवटची लाल चिंधी होती. तिथून वायर बांधावरून पलीकडं गेली होती, हिरामणच्या बागेत, कोपऱ्यातल्या पहिल्या झाडावर. खोडाला ओलं हळदकुंकू, पायाशी फुटका नारळ, आभानं टाकलेली फुलं. आणि कापलेल्या काड्यांमध्ये वायरीचं टोक लोंबत होतं. काप अगदी स्वच्छ होता, दोन्ही हातांनी जोर लावून केलेला.

पलीकडं यमुनाबाई आणि संपदा उभ्या होत्या. हिरामणनं हातातल्या कात्रीकडं बघितलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं त्याला झालं.

"मी..." तो म्हणाला आणि थांबला. "चिवट लागली मला. म्हणलं वाळकी काडी हाय."

लहानू शेवटच्या चिंधीची गाठ चाचपत होता. "ही बांधली आन थांबलो," तो म्हणाला. "पुढं तुझी हद्द. तुझ्या मांडवाला हात लावला तर तू काय म्हणशील, कळंना. नायतर त्या बाजूला बी बांधणार होतो."

हिरामणला रडू फुटलं असतं. पण तेवढ्यात लहानू पलीकडं वळून म्हणाला, "पोरी, वेळ किती राहिला तुझा?"

"अर्धा तास, काका."

"मंग उभी काय राहिली? तुझा लॅपटॉप घेऊन आमच्या घरी चल. लाइन तीच हाय, भिकनची. आमची चालू हाय."

"भिकनला फोन—" पडलेल्या आवाजात हिरामण म्हणाला.

"भिकन काय आज फोन उचलतो व्हय! उद्या जोडंल. तू खुर्ची आण तिची."

मग सगळे बांध ओलांडून गेले. पुढं लॅपटॉप छातीशी धरलेली संपदा, तिच्यामागं बाहुली घेतलेली आभा, मग यमुनाबाई, आणि सगळ्यांत शेवटी डोक्यावर खुर्ची घेतलेला हिरामण. हरसूलच्या बाया छाटायचं थांबून बघत राहिल्या. मंदानं देवघराशेजारची जागा झाडून दिली, घटाला धक्का लागू नये म्हणून पाट आडवा लावला. संपदानं टेबल म्हणून उपडा क्रेट मागितला तेव्हा मंदा म्हणाली, "अगं, टेबल हाय ना आमच्यात!" पण संपदाला क्रेटचीच सवय झाली होती.

दार लोटलं गेलं. ओट्यावर दोघं भाऊ बसले. आतून संपदाचं इंग्रजी ऐकू येऊ लागलं, आधी घाईघाईचं, मग सावकाश, मग ते समजावताना यायचं तसलं शांत. लहानू कान देऊन ऐकत होता.

"काय म्हणती?" त्यानं हळू आवाजात विचारलं.

"मला बी कळत नाय," हिरामण म्हणाला. "पण असं बोलायला लागली का काम झालेलं असतं."

थोड्या वेळानं दार उघडलं. आभा आधी बाहेर आली, अंगठा वर करून. मागून संपदा, कपाळावरचा घाम पुसत. "झालं, नाना. पास झाली लाइन. उद्या जोडून घेऊ, मग कायमचं घरूनच."

'घरूनच' हा शब्द हिरामणनं मनात दोनदा म्हटला. मंदानं चहा आणला. किती वर्षांनी या ओट्यावर त्यानं चहा घेतला. साखर जास्त होती, पण तो सगळा प्यायला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "मंदाबाई, ते लाल लुगडं उरलंय का थोडं? माझ्या बाजूला बांधायला लागंल."

मंदा आत जाऊन उरलेलं कापड घेऊन आली. ते आणि शेजारी ठेवलेली कात्री उचलून हिरामण उठला, दोन पावलं गेला आणि पाठमोराच उभा राहून म्हणाला, "पाइपाच्या वेळी... झाडं लहान होती तुझी. चर खोदली असती तर मुळ्या तुटल्या असत्या."

"तुटल्या असत्या," लहानू म्हणाला.

"मला दिसत होतं तवाच."

चपला घालून लहानू ओट्यावरून उतरला, भावाच्या शेजारी आला आणि हात पुढं केला.

"चिंध्या तू बांध," तो म्हणाला. "कात्री इकडं दे."